ऑफिस सोडून ट्रकवर जावं का? १२ वर्षं चालवल्यावरचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३९, हिशेबाच्या टेबलावर १४ वर्षं, गाडी चालवायला मनापासून आवडतं, साहेबाचं तोंड बघायचा कंटाळा आलाय, आणि घरी विषय काढला की सगळे एकदम गप्प होतात. या वयात जड वाहन शिकता येईल का, पैशाचं गणित बसेल का आणि मोकळ्या रस्त्यावरचं आयुष्य खरंच मोकळं असतं का, असं तुम्ही विचारलंय. मी ३७व्या वर्षी विम्याचे दावे तपासायचं काम सोडून ट्रकवर गेलो. त्याला आता १२ वर्षं झाली. परत टेबलावर बसायची इच्छा नाही, पण म्हणून तुम्हाला नुसतं ‘या, मजा आहे’ असं म्हणणार नाही.

शिकता येईल. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत सगळ्यात आधी तयार झालेला माणूस ४६ वर्षांचा होता, आणि सगळ्यात जास्त ठोकाठोकी केली ती विशीतल्या पोरांनी. चाळिशीच्या माणसाकडे भीती आयतीच असते. ती जपून ठेवा, या धंद्यात ती भांडवल आहे. डोळे, रक्तदाब, साखर आणि झोपेतलं घोरणं यांची तपासणी मात्र राजीनामा देण्याआधी करून घ्या. जड वाहनाच्या परवान्याला वैद्यकीय दाखला लागतो, आणि नोकरी सोडून आल्यावर डोळ्यांपाशी अडकलेला एक गृहस्थ मी स्वतः पाहिलाय.

मला खटकलं ते तुमचं ‘चालवायला आवडतं’ हे कारण. चालवणं हा या कामातला सोपा भाग. सरळ रस्त्यावर ट्रक कुणीही पळवेल. अवघड आहे ते थांबणं, आणि या एका शब्दाचे किती अर्थ निघतात ते मला पहिल्या वर्षात कळलं.

आधी सरळ अर्थ घेऊ. भरलेली जड गाडी ताशी ८८ किलोमीटरने चाललीय, रस्ता कोरडा, ब्रेक ठणठणीत, ड्रायव्हर पूर्ण जागा. तरी समोरचं संकट दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत साधारण १२८ मीटर जातात. अमेरिकेत जड वाहनाच्या परवान्यासाठी जी पुस्तिका अभ्यासाला असते, तिच्यातला हा हिशेब आहे. त्यात एअर ब्रेकची हवा नळ्यांतून चाकांपर्यंत पोचायला लागणारा अर्धा सेकंद धरा, म्हणजे आणखी दहाएक मीटर. तुम्ही आकड्यांतले आहात म्हणून सांगतो : गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६० वरून ८५ वर गेलात की काट्यावर फक्त २५ वाढले, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा दुप्पट झाली. आणि गंमत म्हणजे रिकामी गाडी लवकर थांबेल हा सगळ्यांचा समजही फसवा आहे. ती उसळते, चाकांची पकड सुटते, आणि ओल्या रस्त्यावर चाकं जखडली तर ट्रेलर त्याला ओढणाऱ्या पुढच्या इंजिन-केबिनच्या भागावर कात्रीसारखा मिटतो.

एअर ब्रेकबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण परीक्षेतही विचारतात आणि रस्त्यावरही. पायाखालचा ब्रेक हवेने लागतो, पण पार्किंगचा ब्रेक हवेने सुटतो. तिथे एक जाडजूड स्प्रिंग ब्रेक दाबून धरायला टपलेली असते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून ठेवतो. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि गाडी जागच्या जागी जखडते. रेल्वेत हा धडा फार आधी शिकून झाला होता. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ साली काढलेल्या पहिल्या एअर ब्रेकमध्ये नळी फुटली की ब्रेकच गेला. १८७२मध्ये त्याने तत्त्वच उलटं केलं : दाब कमी झाला की ब्रेक लागायचा. म्हणून रोज सकाळी हवेची गळती तपासताना मला कधी कंटाळा येत नाही. इतर तपासण्यांचा येतो, खोटं कशाला बोलू.

आता घाट. नव्या माणसाला चढाची धास्ती असते, जुन्याला उताराची. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहिलात की ड्रम तापतात, फुगतात, आणि ब्रेक हळूहळू कामातून जातो. पाय खाली जात राहतो आणि गाडी ऐकत नाही. म्हणून वेग आवरायचं मुख्य काम इंजिनाचं. ब्रेक फक्त मधूनमधून, ठरवलेल्या वेगाला पोचलात की दाबून ताशी ८-१० किलोमीटरने खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा. ‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा’ हे तुम्हाला जुने लोक सांगतील. जुन्या गाड्यांना ते लागू होतं. आजच्या गाड्यांची इंजिनं ताकदवान आहेत, त्या चढ वरच्या गिअरमध्ये सहज चढतात, आणि त्यांना वारा पूर्वीइतका अडवत नाही. म्हणून उतरताना बहुधा आणखी खालचा गिअर लागतो. आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. मध्येच बदलायला गेलात आणि गिअर बसलाच नाही, तर न्यूट्रलमध्ये ३०-४० टनांचं धूड आणि तुम्ही.

हे ज्याच्यावर बेतलं तो काही नवशिका नव्हता. डिझेल इंजिनवाला क्लेसी कमिन्स १९३१ साली आपल्याच इंजिनाचा ट्रक घेऊन अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेकने दगा दिला आणि खाली रुळांवरून मालगाडी चाललेली. थोडक्यात वाचला. ती धडकी त्याच्या मनातून गेली नाही. पुढे त्याने इंजिनालाच ब्रेकसारखं वापरायची युक्ती काढली आणि १९६१पासून जेकब्ज कंपनीने ते यंत्र बाजारात आणलं. आज उतारावर जड गाडीतून जो फडफड-फडफड आवाज येतो, तो बहुतेक वेळा त्याचाच.

रिव्हर्सबद्दल फार लिहीत नाही, ते हाताने शिकायचं काम आहे. ट्रेलर मागे घेताना हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा आणि ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात सरकवा, एवढं सुरुवातीला पुरे. आणि शंका आली की उतरून बघा. मी चौथ्या आठवड्यात एका गोदामाच्या आवारातला दिव्याचा खांब वाकवला, कारण उतरायला लाज वाटली. मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या. त्यातला एकजण नंतर मला म्हणाला, “अहो, तुम्ही दहा वेळा उतरला असतात तरी आमचा एवढा वेळ गेला नसता.”

आता थांबण्याचा दुसरा अर्थ, ज्याची कुठल्याच शिकवणीत वाच्यता होत नाही. ताटकळणं. माल भरायला रांग, उतरवायला रांग, कागदावर सही करणारा माणूस जागेवर नाही, फोर्कलिफ्ट बिघडलीय, तुमच्या आधी आठ गाड्या. माझा सगळ्यात लांबलेला मुक्काम एका गोदामाच्या दारात १९ तासांचा होता. तुम्हाला गाडी पळवायला आवडते. पण उभ्या गाडीत पाच तास, फोनची बॅटरी संपत आलेली आणि नंबर कधी लागेल हे कुणी सांगत नाही, अशा वेळी तुमचं काय होतं? काही माणसं अशा वेळी आतून तडतडत राहतात, मग दारातून सुटल्यावर गेलेला वेळ भरून काढायला गाडी दामटतात. अपघाताची सुरुवात पुष्कळदा त्या दारातच झालेली असते. मी विम्याच्या टेबलावर असताना अर्जात ‘अतिवेग’ एवढाच शब्द वाचायचो. त्याच्या मागचे पाच तास कुठल्याच रकान्यात नसतात.

पैशाचं गणितही इथेच अडकतं. मोबदला फेरीवर किंवा किलोमीटरवर असेल तर ताटकळण्याचे पैसे मिळतात का, किती तासांनंतर मिळतात आणि लेखी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. महिन्याचा आकडा ऐकून भुलू नका. त्याला घराबाहेर घालवलेल्या एकूण तासांनी भागा, चाललेल्या तासांनी नव्हे. हे तुम्ही माझ्यापेक्षा बरं कराल. माझा पहिल्या वर्षाचा तासाचा दर जुन्या नोकरीपेक्षा कमी निघाला होता. तिसऱ्या वर्षी बरोबरी झाली, पुढे ठीक चाललं. तेव्हा निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय उडी मारू नका. आणि पहिल्या दोन वर्षांत स्वतःची गाडी घ्यायचा मोह तर अजिबात नको. हप्ता, टायर, डिझेल, दुरुस्ती आणि रिकामी परतीची फेरी हे पाच खड्डे दुसऱ्याच्या गाडीवर असताना बघून घ्या.

तिसरं थांबणं स्वतःचं. तासांचे कायदे सगळीकडे आहेत, फक्त वेगवेगळे. युरोपीय संघात सलग साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती, आणि दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. अमेरिकेत ११ तास चालवायला मुभा, पण ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत, आणि दारात ताटकळलात तरी सहसा ते घड्याळ थांबत नाही. भारतात १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास लिहिले होते; २०२५मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तुमच्याकडे जो नियम असेल तो पाठ करा, पण झोप नियम वाचून येत नाही. १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापून आला होता : सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच चुकतो. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकरापर्यंत ओढलंत की थेंबभर न पिता तुम्ही प्यालेले आहात.

मध्यरात्री दोन ते पहाटे सहा ही वेळ सगळ्यात वाईट. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, गालावर चापट मारणं हे सगळं मी करून पाहिलंय, चारपाच मिनिटं टिकतं. डुलकी तीन सेकंदांची असली तरी ताशी ८० ला गाडी सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असते. मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत असं वाटलं, की ती शेवटची सूचना समजा आणि पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे गाडी घेऊन २० मिनिटं पडा. मालकाचा फोन येईल. येऊ दे. ‘थांबलोय, झोपतोय, अमुक वाजता निघेन’ असं शांतपणे सांगता येणं हे माझ्या मते या कामातलं खरं कसब आहे, आणि तुमच्यासारख्या चार साहेब पाहिलेल्या माणसाला ते विशीतल्या पोरापेक्षा लवकर जमेल.

शरीराचं थोडक्यात. बसून काम तुम्ही आजही करता, पण इथे खुर्ची दिवसभर हादरते आणि कंबर ते लक्षात ठेवते. केबिनमधून उडी मारू नका, तीन आधार (दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात) धरून, तोंड गाडीकडे करून उतरा. माझ्या ओळखीतल्या ड्रायव्हरांचे गुडघे रस्त्याने नाही, त्या उडीने घालवलेत. लंडनच्या दुमजली बसवरचा जेरी मॉरिस यांचा १९५३चा अभ्यास प्रसिद्धच आहे : बस तीच, रस्ता तोच, पण दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. ताटकळण्याचे तास चालण्यात घालवा, गाडीभोवती का होईना. आणि रांगेत इंजिन उगाच चालू ठेवू नका. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्येच जाहीर केलंय.

विनाड्रायव्हरच्या गाड्या येतील आणि सगळं संपेल, ही तुमची शंका मी शेवटी ठेवली, कारण तिच्यावर माझी झोप जात नाही. सरळ हमरस्ता यंत्राला आधी जमेल. अरुंद आवारात ट्रेलर वळवणं, ओलं दोरखंड आवळणं, चुकीचा माल भरला म्हणून भांडणं, हे त्याला कधी जमेल ते बघू. तुमच्याकडे कामाची वीसेक वर्षं आहेत. चिंता करायचीच तर गुडघ्यांची करा.

घरच्यांचं मौन मात्र हलक्यात घेऊ नका. ते नकार देत नाहीयेत, ते हिशेब करताहेत : कुठल्या रात्री तुम्ही नसाल. त्यांना ‘आठवड्यातून एकदा येईन’ असं मोघम सांगू नका. कोणत्या प्रकारचं काम घेणार ते आधी ठरवा. रोज घरी परतायची जवळची खेप असते, ठरलेल्या मार्गावरची रात्रीची ड्यूटी असते आणि दहा-पंधरा दिवसांची लांबची वाट असते. तिन्हींचा संसार वेगळा. मी लांबच्या वाटेने सुरुवात केली आणि मुलीच्या शाळेतले दोन कार्यक्रम फोनवर पाहिले. आज करायचं असतं तर जवळच्या खेपेने सुरुवात केली असती, चार पैसे कमी घेऊन.

राजीनाम्याआधी एक करा. आठ दिवसांची रजा टाका, ओळखीच्या कुणा ड्रायव्हरला आणि त्याच्या मालकाला विचारून बाजूच्या सीटवर बसून एक पूर्ण फेरी करा. स्टेअरिंगला हात लावायचा नाही. माल बांधताना पट्टे कसे आवळतात ते बघा. अचानक ब्रेक लागला तर माल स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के जोराने पुढे रेटतो असं धरून बांधावं लागतं. रात्री दोनला उठा, पहाटे चारला उठा, त्याच्याबरोबर टायर तपासा. आणि तिसऱ्या दिवशी, गाडी कुठल्यातरी गोदामाच्या दारात रांगेत नवव्या नंबरवर उभी असेल आणि आत सगळे जेवायला गेलेले असतील, तेव्हा तिथे बसूनच मला लिहा.