‘हे खरे नाही’ असं उत्तर का येतं? विधिमंडळातल्या प्रश्नांबद्दल वाचकांच्या शंका

मंत्रालयात २६ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी वर्षं आमदारांच्या प्रश्नांना उत्तरं तयार करण्यात गेली. निवृत्त होऊन कोल्हापुरात परतल्यापासून बिंदू चौकात, भवानी मंडपात कोणी ना कोणी गाठतं आणि तेच विचारतं. पत्रांतही तोच गोंधळ असतो. म्हणून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो.

तारांकित आणि अतारांकित प्रश्नांत फरक काय? (कागल)

तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर फक्त लेखी मिळतं.

नागरिकाला विधानसभेत थेट प्रश्न पाठवता येतो का? (गारगोटी)

नाही. आमदारांमार्फतच. विधान परिषदेचे सदस्यही प्रश्न विचारू शकतात, हे लोक विसरतात.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेबद्दल आमचे आमदार प्रश्नच विचारत नाहीत. त्यांना इच्छा नाही का? (बांबवडे)

रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे हा प्रश्न खासदारांनी विचारायचा आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. तुमच्या गावचा भाग कोल्हापूर मतदारसंघात येतो की हातकणंगले, ते आधी बघा आणि त्या खासदारांच्या कार्यालयात जा.

आमच्या गावाजवळ पंचगंगेत मेलेले मासे तरंगताना सगळ्यांनी पाहिले. बातम्या आल्या, फोटो आहेत. आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला. उत्तर आलं, ‘हे खरे नाही’, आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’. सरकार इतकं धडधडीत खोटं बोलू शकतं का? (शिरोळ तालुका)

तुम्ही पत्रासोबत प्रश्नाची छापील प्रत जोडलीत, हे फार बरं केलंत. उत्तराकडे नंतर वळू, आधी प्रश्न बघा : ‘पंचगंगा नदीत कारखान्यांनी विषारी रसायने सोडल्यामुळे लाखो मासे मृत्युमुखी पडून शेकडो नागरिक आजारी पडले, हे खरे आहे काय?’

या एका वाक्यात पाच गोष्टी आहेत. सोडलं ते कारखान्यांनीच, सोडली ती विषारी रसायनंच, मासे मेले ते त्यामुळेच, मासे लाखो आणि आजारी माणसं शेकडो. आता हा कागद ज्या टेबलावर येतो तिथला माणूस काय करतो, ते मी त्या खुर्चीत बसून केलं आहे म्हणून सांगतो. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागाकडे येतो, विभाग तो जिल्ह्यात धाडतो, तिथून दोन दिवसांत घाईघाईने अहवाल येतो. अहवालात लिहिलेलं असतं, ‘आरोग्य केंद्रात शेकडो रुग्णांची नोंद नाही.’ झालं. पाचातली एक गोष्ट कागदावर पडली, की अख्ख्या वाक्याला ‘हे खरे नाही’ लिहायची सोय झाली. फार प्रामाणिक अधिकारी असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’ लिहील.

पुढचं नुकसान त्याहून मोठं. आपल्याकडे प्रश्नाचे भाग एकमेकांना बांधलेले असतात. ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘तद्नुसार कोणती कारवाई केली’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. पहिला भागच ‘खरे नाही’ म्हणून पडला, की बाकीच्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द पुरतात. नदीत मासे मेले होते, ही गोष्ट या सगळ्यात कुठेच नोंदली जात नाही.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका गावात सार्वजनिक विहीर खचल्याबद्दल प्रश्न आला होता. त्या नावाची दोन गावं, दोन वेगळ्या तालुक्यांत. प्रश्नात तालुका चुकला होता. खालून अहवाल आला की या गावात अशी घटना घडलेली नाही. अक्षरशः ते बरोबर होतं. मी उत्तराचा मसुदा लिहिला, वर सह्या झाल्या, यादीत छापून आलं : ‘हे खरे नाही.’ विहीर शेजारच्या तालुक्यात खचलेलीच होती. एक फोन केला असता तर कळलं असतं. तो फोन मी केला नाही, याचं दुःख मला आजही आहे. तेव्हापासून मसुद्यातला तालुका, तारीख, गट क्रमांक यांवर मी बोट ठेवून बोलतो आणि लोकांना ते किरकोळ वाटतं.

तुमचा प्रश्न असा मांडायला हवा होता : अमुक तारखेला, अमुक बंधाऱ्याजवळ, पंचगंगा नदीत मृत मासे आढळून आले, हे खरे आहे काय? इथे पहिला भाग संपला. त्यात कारण नको, आकडा नको, कोण दोषी तेही नको. दुसरा भाग असा : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या ठिकाणचे पाण्याचे नमुने घेतले आहेत काय, कोणत्या तारखेला, आणि तपासणीचा निष्कर्ष काय? तिसरा भाग : त्यानुसार कोणत्या आस्थापनांना नोटिसा दिल्या आणि पुढे काय केलं? तारीख आणि जागा पक्की असली की पहिल्याला ‘हे खरे आहे’ लिहावंच लागतं, आणि मग खालच्या भागांतून निसटायला वाट राहत नाही. नमुने घेतलेच नसतील, तर तसं छापून द्यावं लागेल. ते छापलेलं वाक्य लाखो माशांच्या बातमीपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचं आहे.

आणि कृपा करून वर्तमानपत्राचं कात्रण किंवा व्हॉट्सॲपवर फिरलेला व्हिडिओ आमदारांच्या हातात देऊन ‘साहेब, प्रश्न लावा’ म्हणू नका. आधी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. पंचनामा झाला का, नमुना घेतला का, त्याची प्रत मागा. तो कागद हाती असेल तर आमदारांचा प्रश्न खोडता येत नाही. माहिती अधिकार की विधानसभेतला प्रश्न, असा वाद अनेक पत्रांत असतो. त्यात निवड करायचीच नाही, आधी पहिला आणि मग दुसरा.

आता तुमचा मूळ मुद्दा. मंत्र्यांनी सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असेल, तर आमदारांना विशेषाधिकार भंगाची सूचना देता येते. उत्तर अपुरं असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. तारांकित प्रश्न पुकारला गेला तर उपप्रश्न आहेतच. हा उपप्रश्न मोठ्या कष्टाने मिळालेला आहे. १८९२ च्या कायद्याने आपल्या प्रतिनिधींना कायदेमंडळात प्रश्न विचारायची मुभा मिळाली, पण उत्तर आलं की गप्प बसायचं. आपल्या राजाराम कॉलेजात काही काळ शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात गेले तेव्हा हीच स्थिती होती. उपप्रश्नाचा हक्क १९०९ मध्ये आला, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. इतक्या हक्काचा कागद ढिसाळ मसुद्यामुळे वाया जातो, तेव्हा मला खरोखर राग येतो. तुमच्या बाबतीत खोटेपणा सिद्ध होईल असं मला या प्रतीवरून वाटत नाही. फोटोंवरच्या तारखा घेऊन आमदारांना पुन्हा भेटा, आणि नवा मसुदा प्रश्नांची कामं केलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय देऊ नका.

एक ओळखीचे गृहस्थ ‘पंधरा हजारांत तारांकित लावून देतो’ म्हणतात. विश्वास ठेवावा का? (इचलकरंजी)

अजिबात नाही! प्रश्न विचारायला एक रुपयाही लागत नाही. शिवाय अनेक तारांकित प्रश्नांची प्रश्नोत्तराच्या तासात पाळीच येत नाही, त्यामुळे ‘लावून देतो’ हा शब्दच फसवा आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांना सदस्यत्व गमवावं लागलं, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा एक. असे मध्यस्थ बऱ्याचदा प्रश्नाची धमकी दाखवून दुसऱ्या बाजूकडूनही पैसे काढतात आणि मग प्रश्न दिलाच जात नाही. त्या गृहस्थांचे मेसेज जपून ठेवा आणि वकिलांचा सल्ला घ्या. स्वतः काही उत्तर पाठवू नका.

आमच्या रस्त्याबद्दल उत्तर आलं, ‘बाब तपासण्यात येत आहे’. दोन वर्षं झाली. (आजरा)

दोन वर्षं वाट का बघितली? मंत्र्यांनी सभागृहाला ‘तपासतो’, ‘विचाराधीन आहे’ असं सांगितलं, की ते आश्वासन धरता येतं, आणि ती पाळली जातात की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तुमच्या उत्तराची आश्वासन म्हणून नोंद झाली का, हे आमदारांकरवी विधानमंडळ सचिवालयात विचारून घ्या. प्रश्न क्रमांक आणि तारीख सोबत न्या.

समाधानकारक उत्तर दिलं नाही तर मंत्र्याला राजीनामा द्यावा लागतो, असं ऐकलं. (पन्हाळा)

चुकीचं ऐकलंत. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, पण एका उत्तरावरून कुणाचं पद जात नाही.

जमिनीच्या वादात आमची याचिका आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे आहे. आमदारांनी प्रश्न विचारावा का? (राधानगरी)

न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्न बहुधा नाकारला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच सुरू झाल्यापासून अशी पत्रं वाढली आहेत. याचिकेत नसलेला प्रशासकीय भाग, उदाहरणार्थ एखाद्या कार्यालयात अर्ज किती दिवस पडून आहे, विचारता येईल. पण त्यातही एखादं वाक्य तुमच्याच दाव्याला मारक ठरू शकतं. आधी तुमच्या वकिलांना मसुदा दाखवा. ते ‘नको’ म्हणाले तर नको.

नागपूरच्या अधिवेशनात आमच्या पुनर्वसनाचा प्रश्न यावा असं वाटतं. दिवाळीनंतर आमदारांना भेटलो तर चालेल का? (चंदगड)

नाही. अधिवेशन डिसेंबरात असतं आणि प्रश्नांच्या सूचना त्याच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. नेमकी अंतिम तारीख स्वीय सहायकांना आजच विचारा. दसऱ्याच्या आत भेटा. जाताना सातबाऱ्याचा उतारा, पुनर्वसन कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच आणि एका पानाचा मसुदा न्या. गावाच्या नावापुढे तालुका लिहायला विसरू नका.