'प्रारंभिक गती' नको, 'हलू लागणे' बरं

प्रश्न असा आहे: नदीच्या तळावर लहानमोठे कण मिसळलेले असतात. पाण्याच्या जोराने ते हलायला लागतात, त्याला मराठीत 'गाळाची प्रारंभिक गती' म्हणावं का? आणि गोट्यांना गाळ म्हटलेलं चालतं का?

गोट्यांना गाळ म्हणणं मलाही खटकतं. गाळ म्हटलं की बोटांना लागतो तो मऊ चिखल. भूशास्त्रात 'अवसाद' आहे. अव + सद्, म्हणजे खाली बसणे. इंग्रजी 'सेडिमेंट'च्या लॅटिन मुळाशीही बसणंच आहे, आणि आपणही 'गाळ बसला' म्हणतो. (गाळ बसून निवळलेल्या पाण्याला संस्कृतात 'प्रसन्न' म्हणतात, तोही याच सद्-चा.) पण 'अवसाद' वाक्यात जड पडतो. मी सरळ 'वाळू-गोटे' लिहीन.

'प्रारंभिक गती' मात्र नकोच. त्यातून सुरुवातीचा वेग किती, असा अर्थ निघतो. इथे मुद्दा आहे किती जोर लागला की कण जागा सोडतो, हा. मराठीत 'लागणे' हे काम फुकट करतं: 'हलू लागणे'. नामच हवं तर 'चलनारंभ'. तेही जपून वापरावं, कारण गोटा आधी आपल्या खळग्यात नुसता डुगडुगतो, बराच वेळ डुगडुगून तिथेच राहूही शकतो. सुटून घरंगळला, की चलनारंभ.

आता तळावरचे कण 'मिश्र' असणं का महत्त्वाचं? अभियंते शील्ड्स यांनी 1936मध्ये एकसारख्या कणांवर प्रयोग केले. त्यांच्या हिशेबाने 4 मिलिमीटरच्या खड्याला लागतो त्याच्या साधारण 16 पट जोर (तळाच्या तेवढ्याच क्षेत्रावर) 64 मिलिमीटरच्या गोट्याला लागावा. मिश्र तळावर हे बिघडतं. बारीक कण मोठ्यांच्या मागे सापडतो, त्याला प्रवाह नीट लागतच नाही. मोठा गोटा वर डोकावतो आणि सगळा मारा अंगावर घेतो. त्यामुळे दोघे जवळपास एकाच सुमाराच्या जोराला सुटतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या ओक क्रीक या ओढ्याच्या नोंदींवरून पार्कर आणि क्लिंगमन या संशोधकांनी 1982मध्ये हेच मांडलं. अगदी तंतोतंत बरोबरी मात्र धरू नये, मोठ्यांना थोडा जास्तच जोर लागतो.

बारीक कणांच्या या अवस्थेला इंग्रजीत 'hiding' म्हणतात; त्याचं 'लपणे' असं भाषांतर कुणी केलं तर मी 'आडोसा' सुचवेन. लपायला हेतू लागतो, वाळूला कसला हेतू! आणि मोठ्या गोट्यासाठी 'उघडा पडणे' आहेच.