अतिनवतारा ‘नव’ कसा? आणि उष्णता अंशांत कशी मोजायची?

प्रश्न असा आला आहे: शाळेच्या वार्षिकासाठी आलेल्या एका लेखात ‘अतिनवताऱ्यातून १०० अब्ज अंश उष्णता बाहेर पडते आणि काही सेकंदांत सूर्याच्या अब्जावधी पट शक्ती निर्माण होते’ असे वाक्य आहे. मरणाऱ्या ताऱ्याला ‘नव’ का म्हणायचे? आणि ‘उष्णता’, ‘शक्ती’ हे शब्द इथे चालतील का?

‘नव’ चालतो. उरलेल्या वाक्याला मात्र बरेच टाके घालावे लागतील.

१५७२च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात एक तारा एकाएकी शुक्राइतका तेजस्वी दिसू लागला. डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याने त्याची मोजमापे घेतली आणि पुढच्या वर्षी एक पुस्तिका छापली. तिच्या नावातले लॅटिन शब्द होते ‘नोव्हा स्टेला’, म्हणजे नवा तारा. जिथे काल काही नव्हते तिथे आज तारा आहे, एवढाच त्या शब्दाचा दावा. तो तारा जन्मला की मेला, हे त्या काळी कोणाला ठाऊक असणार? मराठी ‘नवतारा’ हा त्याचाच सरळ अनुवाद. नाव बघणाऱ्याच्या बाजूने पडले आहे, ताऱ्याच्या बाजूने नाही. चिनी निरीक्षकांनी १०५४ साली वृषभ राशीत असाच तारा पाहिला, तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. त्यांचा शब्द होता ‘पाहुणा तारा’. मला विचाराल तर हा जास्त चोख. आला, राहिला, गेला. जन्ममृत्यूची भानगडच नाही.

मराठीत ‘नव’ची आणखी एक गंमत आहे. ‘नवग्रह’, ‘नवरात्र’ यांत नव म्हणजे नऊ, ‘नववधू’त नवी. नवतारा दुसऱ्या गटातला. आणि ‘नवतारका’ असे लिहिलेत, तर वाचक सिनेमाच्या पानावर जाईल. खऱ्याखुऱ्या जन्माबद्दल लिहायचे असेल तेव्हा ‘नवजात तारा’ लिहावे, म्हणजे गोंधळ होत नाही.

आता ‘अति’. १९३०च्या दशकात वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी साध्या नवताऱ्यांपासून फार मोठे स्फोट वेगळे काढले आणि ‘सुपरनोव्हा’ हा शब्द रूढ झाला. ‘अतिनवतारा’ याची फोड व्याकरणाने केली तर ‘अति नवा तारा’ अशी होते, जी अर्थाला सोडून आहे. इथे ‘नवताऱ्याच्याही वरचा’ असा अर्थ घ्यायचा असतो. विश्वकोशातला ‘अतिदीप्त नवतारा’ या बाबतीत जास्त काटेकोर आहे, कारण त्यात अति हे दीप्तीला लागते. पण बोलताना तो लांब पडतो, म्हणून लोकांच्या तोंडी अतिनवताराच राहिला. लेखनात ‘अति’ ऱ्हस्व, ‘अतीनवतारा’ चूक. त्याच नियमाने ‘शक्ती’ एकटी असताना दीर्घ, पण ‘अणुशक्तिनगर’मध्ये समासाच्या पोटात गेल्यामुळे ऱ्हस्व.

‘अति’ हा उपसर्ग शोभेचा नाही. नवताऱ्यात श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा) शेजारच्या जोडीदाराकडून हायड्रोजन ओढून घेतो, तो पृष्ठभागावर साचतो, आणि पुरेसा दाबला गेला की त्या थराचा अणुसंमीलनाने, म्हणजे अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून, भडका उडतो. तारा मागे शिल्लक राहतो आणि पुन्हा साठा करू लागतो. उत्तर मुकुट समूहातला ‘टी’ तारा १८६६ आणि १९४६ असा दोनदा भडकला. दीप्ती साधारण लाखभर सूर्यांची. अतिनवताऱ्यात ताऱ्याचाच निकाल लागतो, आणि तोही दोन वेगळ्या रीतींनी. एका रीतीत (पहिला-अ प्रकार) श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीजवळ गेले की त्यातला कार्बन पेट घेतो आणि अख्खा तारा उधळतो. दुसऱ्या रीतीत सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड ताऱ्याचा लोखंडी गाभा स्वतःच्या भाराने सेकंदाच्या आत कोसळतो, आणि त्याच्या हादऱ्याने बाहेरची कवचे उडतात. म्हणजे दुसऱ्या रीतीत आधी कोसळणे, मग स्फोट. पहिल्या टप्प्यालाच ‘स्फोट’ म्हटले की सगळे उलटे होते. ‘स्फुट्’ धातूचा अर्थ आतून बाहेर फुटणे असा आहे, कळी फुटते तसे. हिंदीच्या वळणाने ‘विस्फोट’ लिहिण्याचेही कारण नाही. मराठीत ‘स्फोट’ पुरेसा दणकट आहे.

तुमच्या वाक्यातली खरी गडबड इथेच आहे. १०० अब्जांचा आकडा कोसळणाऱ्या गाभ्याचा आहे. पहिल्या-अ प्रकारात तापमान काही अब्जांपर्यंतच जाते. उलट ‘सूर्याच्या अब्जावधी पट’ ही दीप्ती पहिल्या-अ प्रकाराची, साधारण चार-पाच अब्ज सूर्यांची. गाभा कोसळून होणारा नेहमीचा अतिनवतारा कोट्यवधी सूर्यांइतका उजळतो. लेखकाने एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवले आहे.

उष्णता अंशांत मोजत नाहीत, तापमान मोजतात. उष्णता ही ऊर्जा, ती जूलमध्ये. दिवाळीतल्या फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या घरात असते, हातावर पडली तरी चटका जेमतेम बसतो. साठ अंशांचे बादलीभर पाणी अंगावर सांडले तर मात्र दवाखाना गाठावा लागतो. ठिणगीचे तापमान जास्त, उष्णता नगण्य. शर्मिष्ठेतच ‘कॅसिओपिया ए’ नावाचा जुन्या स्फोटाचा अवशेष आहे. त्यातला वायू कोट्यवधी केल्विनचा (केल्विन हे तापमानाचे वैज्ञानिक एकक), पण इतका विरळ की त्यात ठेवलेल्या वस्तूला त्या वायूच्या धडकेने फारशी ऊब मिळणार नाही. आणि केल्विनपुढे ‘अंश’ लावू नये. १९६७पासून तो शब्द अधिकृतपणे काढला आहे.

तापमानाचा आकडा देताना कुठले आणि केव्हाचे, हे सांगावेच लागते. गाभा १०० अब्ज केल्विनचा असतो तेव्हा बाहेरच्या कवचाला त्याचा पत्ताही नसतो. हादरा पृष्ठभागापर्यंत यायला तास लागतात. पुढे स्फोट ऐन तेजात असताना दिसणारा पृष्ठभाग सुमारे १० हजार केल्विनचा, म्हणजे सूर्याच्या दुप्पटसुद्धा नाही. मग एवढा उजेड कशाने? आकाराने. सेकंदाला १० हजार किलोमीटरच्या वेगाने फुगणारा तो गोळा दोन-तीन आठवड्यांत नेपच्यूनच्या कक्षेहून मोठा झालेला असतो. पहिल्या-अ प्रकारात त्याला तापते ठेवते ते किरणोत्सारी निकेल-५६. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा साठा संपायला लागणारा काळ, सहा दिवसांचा. त्यापासून होणाऱ्या कोबाल्ट-५६चा ७७ दिवसांचा. त्यामुळे स्फोट सेकंदांचा आणि उजेड महिन्यांचा.

‘शक्ती’चा घोळ मराठीत जुना आहे. ‘अणुशक्ती’ म्हणताना आपल्याला ऊर्जाच अभिप्रेत असते. पण भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शक्ती म्हणजे दर सेकंदाची ऊर्जा, आणि वैज्ञानिक लेखात हाच अर्थ पाळावा. घरचे वीजबिल काढून बघा. मंजूर भार किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो, ती शक्ती. वापरलेली युनिटे ही ऊर्जा. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, म्हणजे ३६ लाख जूल. शक्ती ‘निर्माण होत’ नाही, ती त्या त्या वेळी ‘असते’. मोकळी होते ती ऊर्जा.

ही ऊर्जा किती? गाभा कोसळताना १ वर ४६ शून्ये इतके जूल. त्यातला सुमारे ९९ टक्के वाटा दहाएक सेकंदांत न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण) घेऊन जातात, ना उजेड ना ऊब. उरलेल्यातला बहुतेक भाग कवचे उधळण्यात जातो, तरी तो भाग, सूर्य आपल्या १० अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल साधारण तेवढा. प्रकाशाच्या वाट्याला एकूण ऊर्जेच्या दहा हजारांत एक भाग येतो. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या शोधक यंत्रांत सापडले, तिन्ही ठिकाणचे मिळून जेमतेम दोन डझन. आणि प्रकाश दिसला त्याच्या काही तास आधी. लेखकाला ‘काही सेकंदांतली शक्ती’च म्हणायची असेल तर ती न्यूट्रिनोंची, आणि तिच्यापुढे ‘अब्जावधी’ तोकडा पडतो. ती सूर्याच्या अब्जाच्याही अब्जपट असते.

वाक्य असे करता येईल: ‘जड ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा गाभ्याचे तापमान १०० अब्ज केल्विनच्या घरात जाते. मोकळी झालेली बहुतेक सगळी ऊर्जा काही सेकंदांत न्यूट्रिनो घेऊन जातात. नंतर कित्येक आठवडे हा अतिनवतारा कोट्यवधी सूर्यांइतका उजळलेला असतो.’ ‘१०० अब्ज’ला ‘खर्व’ करायला जाऊ नका. जुन्या मराठी गणनेत खर्व दहा अब्जांचा, हिंदी खरब शंभर अब्जांचा. वाचक कुठला धरेल सांगता येत नाही.

‘सुपरनोव्हा’च ठेवायचा असेल तर तो पुल्लिंगी चालवा, ताऱ्याच्या ओढीने तो तसाच रुळला आहे. सामान्यरूप मात्र होत नाही. कॅमेऱ्यात, सोफ्यावर असे आपण म्हणतो, पण ‘सुपरनोव्ह्यात’ कोणी म्हणत नाही, ‘सुपरनोव्हात’, ‘सुपरनोव्हाचा’. अतिनवताऱ्याला ही अडचण नाही: अतिनवताऱ्यात, अतिनवताऱ्याचा, अनेकवचनी अतिनवतारे.