बेटांवरच्या माणसांचं जगणं सांगणारी कथेतर पुस्तकं कशी शोधावीत?

तुमचा प्रश्न असा आहे, की बेटांवरचं रोजचं आयुष्य आणि तिथली संस्कृती सांगणारी कथेतर पुस्तकं हवी आहेत, पण शोधायला गेलं की एकतर पर्यटकांसाठीच्या मार्गदर्शिका मिळतात किंवा कुणीतरी शहर सोडून वर्षभर बेटावर राहिल्याच्या आठवणी. मीही बरीच वर्षं याच दोन प्रकारांत अडकले होते. त्यातून बाहेर पडले ते आयर्लंडच्या पश्चिम टोकाजवळच्या ग्रेट ब्लास्केट या बेटामुळे, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

हे बेट चिमुकलं. तिथे ना डॉक्टर होता, ना चर्चचा पाद्री. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणून केलेल्या हलक्या होड्या हेच मुख्य भूमीशी जोडणारं साधन. समुद्र खवळला की तेही बंद. १९५३ साली उरलेल्या मोजक्या लोकांना तिथून हलवलं आणि बेट ओस पडलं. पण त्याआधीच्या काही वर्षांत या एका वाडीएवढ्या वस्तीतून तीन आत्मचरित्रं आली होती. टोमास ओ'क्रोहन हा मासेमार. आयरिश ही त्याची बोलण्याची भाषा, पण ती लिहा-वाचायला तो मोठेपणी शिकला. त्याचं पुस्तक १९२९ साली निघालं. इंग्रजीत ते ‘द आयलंडमन’ या नावाने मिळतं. मॉरिस ओ'सुलिव्हन या तरुणाचं ‘ट्वेंटी इयर्स अ-ग्रोइंग’ १९३३ सालचं. आणि १९३६ साली आलं पेग सेयर्सचं. पेगचा जन्म पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावातला, ती बेटावर आली सून म्हणून. तिने आपली कहाणी मुलाला सांगितली आणि त्याने ती उतरवून घेतली.

ही तिन्ही पुस्तकं मी लागोपाठ वाचली. समुद्र तोच, चढणही तीच. पण म्हातारा मासेमार होडी, जाळं, जळणासाठी खणलेली पीटची माती आणि बुडालेली माणसं यांचा हिशेब मांडतो, तरुणाच्या डोळ्यांत बेट म्हणजे बागडायची जागा असते, आणि माहेर पाण्यापलीकडे राहिलेल्या बाईला तेच पाणी निराळं दिसतं. बेटाची संस्कृती म्हणजे काय हे मला या तिघांमधल्या फरकातून कळलं. एकाच पुस्तकातून ते कळलं नसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: ‘बेटांवरची पुस्तकं’ असा शोध घेऊ नका. एक बेट निवडा आणि त्याच्यावरची निदान दोन पुस्तकं वाचा. त्यातलं एक तिथेच वाढलेल्या माणसाचं असावं आणि दुसरं बाहेरून आलेल्याचं.

बाहेरून आलेल्याचं नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. तिथल्या माणसाला जे इतकं सवयीचं असतं की सांगावंसंही वाटत नाही, ते पाहुणा टिपतो. फक्त पाहुण्यालाही सगळं दिसत नाही, आणि याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांचं आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे राहिला आणि १९२२ साली त्याने ‘अर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ लिहिलं. त्यात ‘कुला’ नावाच्या देवाणघेवाणीचं वर्णन आहे. शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांच्या वर्तुळातून एका दिशेने फिरतात आणि शिंपल्यांची कडी उलट दिशेने. कुणीही ती कायमची जवळ ठेवत नाही, आणि कोणती वस्तू कुणाच्या हातून गेली यावर माणसाची प्रतिष्ठा ठरते. पुस्तक जाडजूड आहे, पण होडी बांधण्यापासून समुद्रावरच्या मंत्रांपर्यंतचा तपशील असा भरलेला आहे की मला ते सोडवेना.

पुढे अ‍ॅनेट वायनर ही मानववंशशास्त्रज्ञ त्याच बेटांवर गेली. १९७६ सालच्या तिच्या पुस्तकात बायकांची संपत्ती आहे: केळीच्या पानांच्या जुड्या आणि तंतूंचे घागरे. घरात मृत्यू झाला की मृताच्या आईकडच्या कुळातल्या बायका या जुड्या ढिगांनी वाटतात, आणि त्या जमवायला पुरुषांनाही स्वतःचं धन खर्च करावं लागतं. मालिनोव्स्कीने या व्यवहाराला फारसं महत्त्वच दिलं नव्हतं. इतका बारकाईने बघणारा माणूस, आणि अर्ध्या गावाची दौलत त्याच्या नजरेतून निसटली. ही जोडी वाचल्यापासून कुठल्याही बेटावरचं पुस्तक हातात आलं की मी आधी बघते, लेखक कुणाकुणाशी बोलला आहे.

आता प्रत्यक्ष शोधण्याबद्दल. ग्रंथालयात ही पुस्तकं एका फळीवर मिळत नाहीत, म्हणूनच ती नाहीत असं वाटतं. ग्रंथालयं पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात त्या ड्यूई वर्गीकरणात लोककथा ३९८ मध्ये, समाज आणि संस्कृती ३०५-३०६ च्या आसपास, मासेमारी ६३९ मध्ये, प्रवास ९१० च्या पुढे आणि पॅसिफिकचा इतिहास थेट ९९५-९९६ मध्ये. एकाच बेटावरची चार पुस्तकं चार कोपऱ्यांत पडलेली असतात. त्यामुळे सूचीत विषय न टाकता बेटाचं नाव टाका, आणि तेही तिथले लोक वापरतात ते. ‘ईस्टर आयलंड’ शोधलं की पुतळ्यांचं गूढ उकलणारी पुस्तकं येतात, ‘रापा नुई’ शोधलं की माणसं दिसायला लागतात. नावाला तिथल्या कामाची जोड दिली तर आणखी उत्तम. स्कॉटलंडच्या सेंट किल्डाचे लोक कड्यांवरून दोर सोडून समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी गोळा करत, जमिनीचा खंडही पिसांच्या रूपात भरत. १९३० साली शेवटच्या ३६ जणांना तिथून हलवलं. ‘सेंट किल्डा’ आणि ‘पक्षी’ हे शब्द एकत्र टाकून मला जे मिळालं ते नुसत्या नावाने कधीच मिळालं नव्हतं.

पुस्तक घेण्याआधी शेवटची शब्दसूची उघडून बघा. त्यात पिण्याचं पाणी, लग्न, दफन, होडी, शाळा, स्थलांतर असे शब्द आणि तिथल्या माणसांची नावं असतील तर निर्धास्तपणे घ्या. संदर्भग्रंथांची यादी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. माझी निम्मी चांगली पुस्तकं अशा याद्यांतूनच मिळाली आहेत.

दोन छोट्या गोष्टी यादीत नक्की ठेवा. जमेका किंकेडचं ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) शंभर पानांच्या आतलं आहे. अँटिग्वा या कॅरिबियन बेटावर जन्मलेली लेखिका तिथे उतरणाऱ्या पर्यटकाला थेट ‘तू’ म्हणून त्याला न दिसणारं बेट दाखवते. फार संतापून लिहिलेलं आहे, आणि तो संताप मला पटला. दुसरा एपेली हाउओफा या पॅसिफिकमधल्याच लेखकाचा १९९३ सालचा निबंध, ‘अवर सी ऑफ आयलंड्स’. दूरच्या समुद्रातले ठिपके म्हणून बेटांकडे बघू नका, समुद्र हाच त्या लोकांचा प्रदेश आहे, असं ते सांगतात. बेट म्हणजे एकटेपणा हे समीकरण माझ्या मनातून या निबंधानेच काढून टाकलं.

सुरुवात कुठून करायची हे ठरत नसेल तर आयर्लंडच्याच अरान बेटांपासून करा. जॉन मिलिंग्टन सिंग हा आयरिश नाटककार १८९८ पासून काही वर्षं तिथे जाऊन राहत होता. त्याचं १९०७ सालचं ‘द अरान आयलंड्स’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, आजच उघडता येईल. त्यानंतर टिम रॉबिन्सनचं ‘स्टोन्स ऑफ अरान’ घ्या. हा माणूस १९७२ साली तिथे राहायला गेला, गावकऱ्यांना विचारून विचारून खडकाखडकाचं आयरिश नाव गोळा केलं आणि बेटांचा नकाशा काढला. पुस्तकाचा पहिला खंड म्हणजे सगळ्यात मोठ्या बेटाच्या किनाऱ्याने पायी घातलेली एक प्रदक्षिणा आहे. सावकाश वाचा, नकाशा शेजारी ठेवून. मला तो एक खंड संपवायला अख्खा पावसाळा लागला.