पगारातून कापलेला पीएफ वहीत दिसत नाही

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमच्या भागीदारी फर्मचे मशिनशॉप असून 23 कामगार आहेत. 2025 च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत पगारातून पीएफ कापला, पण बिले अडकल्यामुळे भरला नाही. हिशेबनिसांनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बँकेतून गेलेला निव्वळ पगारच खर्ची टाकला. आता पीएफ कार्यालयाची नोटीस आली आहे. जुन्या तारखांनी नोंदी दुरुस्त केल्या तर चालेल का? (सांगली)

उत्तर : चालणार नाही, आणि तसे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. आज आपल्या हातून झालेली चूक रक्कम थकवण्याची आहे. मागील तारखांच्या नोंदी घातल्या तर तीच गोष्ट चौकशीत बनावट पुराव्याकडे जाते.

चूक कशी झाली ते पाहा. एखाद्या कामगाराचा एकूण पगार 22,000 रुपये आणि त्यातील मूळ वेतन व महागाई भत्ता 15,000 रुपये असेल, तर 12 टक्क्यांनी 1,800 रुपये पीएफ व 200 रुपये व्यवसाय कर कापून त्याच्या खात्यात 20,000 रुपये जातात. कीर्दीत (रोजच्या नोंदवहीत) मात्र पगार खर्च 22,000 नावे (डेबिट) पडून, पीएफ देणे 1,800, व्यवसाय कर देणे 200 आणि पगार देणे 20,000 जमा (क्रेडिट) व्हायला हवे होते. मालकाच्या हिश्श्याचे 1,800 हा वेगळा खर्च. आपल्या वहीत फक्त 20,000 असल्यामुळे कापलेले 2,000 रुपये देणे म्हणून कुठेच दिसत नाहीत. पण पगारपत्रकात कपात आहे, आणि कामगार आपले पीएफ पासबुक मोबाइलवर पाहतो.

कापलेली रक्कम आपली नव्हती. ती कामगाराची असून आपल्याकडे विश्वासाने होती, म्हणूनच ती न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, आणि बिले अडकली होती हे कारण तिथे पुरेसे ठरत नाही.

सर्वप्रथम चारही महिन्यांची थकबाकी, दोन्ही हिश्श्यांसह, चलनाने भरा. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी (पीएफ) कायद्यानुसार विलंबावर दर साल 12 टक्के व्याज लागेल आणि नुकसानभरपाई वेगळी, जी जून 2024 पासून दरमहा 1 टक्का आहे. त्यानंतर दुरुस्तीची नोंद आजच्या तारखेने करा आणि तपशिलात कोणत्या महिन्यांची कोणती रक्कम का राहिली हे स्पष्ट लिहा. व्यवसाय कर भरला होता का, तेही तपासून घ्या.

आयकराचा फटका मात्र टळणार नाही. 2025 च्या या महिन्यांना लागू असलेल्या नियमानुसार कामगाराचा हिस्सा पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरला नाही तर त्याची वजावट कायमची जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑक्टोबर 2022 च्या निकालात स्पष्ट केले आहे. सर्व 23 कामगारांचा हिस्सा वरीलप्रमाणे धरला तर ही रक्कम 1,65,600 रुपये होते आणि फर्मच्या दराने तिच्यावरील कर जवळपास 51,700 रुपये येतो. मालकाच्या हिश्श्याचा नियम सौम्य आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरल्यास त्याच वर्षी, नाहीतर भरल्याच्या वर्षी वजावट मिळते.

सुनावणीला हजेरीपट, पगारपत्रक, खतावणी आणि भरलेली चलने घेऊन स्वतः एखाद्या भागीदाराने जावे. केवळ हिशेबनिसाला पाठवू नये. त्या चार महिन्यांनंतर काम सोडून गेलेला कोणी असेल, तर त्याचीही रक्कम याच भरण्यात धरा.