नवे संगणक घेण्याआधी बंद कार्यालयाची वीज मोजा

नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या ठिकाणचे शासकीय कार्यालय, तीसेक डेस्कटॉप, जुन्या अभिलेख कक्षात ठेवलेले दोन सर्व्हर, तिथला एसी चोवीस तास 18 अंशांवर आणि सतत वाढणारे वीजबिल. वरिष्ठांनी विचारले आहे की सगळे संगणक बदलावेत की छतावर सौर पॅनेल बसवावेत. लातूरच्या एका डाळ मिलच्या व्यवस्थापकांनीही आपल्या टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) सर्व्हरबद्दल जवळपास हेच विचारले होते, म्हणून त्यांच्या उपयोगाचे मुद्देही यात घेतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की या दोन्हींपैकी काहीही आत्ताच करू नये. कार्यालयीन संगणकांची बहुतेक वीज काम होत असताना खर्च होत नाही, तर कोणीही समोर नसताना खर्च होते. राज्य शासनाने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. रोजचे साडेआठ तास धरले तर आठवड्याच्या 168 तासांपैकी कार्यालय जेमतेम साडेबेचाळीस तास उघडे असते आणि उरलेले सव्वाशे तास बंद. नुसता चालू राहिलेला एक सर्वसाधारण जुना डेस्कटॉप, मॉनिटर सोडून, साधारण 40 वॅट घेतो. असे तीस संगणक सव्वाशे तास चालू राहिले तर आठवड्याला दीडशे युनिट जातात. तेच संगणक स्लीपमध्ये, म्हणजे उघडे काम मेमरीत ठेवून झोपेत गेले आणि प्रत्येकी दोन वॅट घेऊ लागले, तर त्याच काळात साडेसात युनिट लागतात. यासाठी एक रुपयाचीही खरेदी करावी लागत नाही.

स्क्रीनसेव्हरमुळे वीज वाचते असा समज अजून बऱ्याच कार्यालयांत आहे. तो पूर्णपणे चुकीचा आहे, कारण पडद्यावर चित्र फिरत असताना मॉनिटरही जागा असतो आणि प्रोसेसरही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये दहा मिनिटांनी मॉनिटर बंद आणि अर्ध्या तासाने स्लीप, एवढे पुरेसे आहे. डोमेन, म्हणजे सगळे संगणक एका सर्व्हरच्या नियंत्रणाखाली असतील, तर ग्रुप पॉलिसी या त्याच्या सोयीतून हे एकाच ठिकाणाहून सगळ्यांना लागू करता येते. आपल्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून डेस्कटॉपवर हायब्रिड स्लीप चालू ठेवावे. त्यात मेमरीतला मजकूर डिस्कवरही लिहिला जातो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी उघडी राहिलेली फाइल वाया जात नाही. कर्मचाऱ्यांचा विरोध बहुधा याच भीतीपोटी असतो, आणि ती भीती रास्त आहे. म्हणून सेटिंग बदलण्याआधी त्यांच्या देखत एका संगणकाची वायर काढून हे दाखवावे.

सेटिंग करूनही काही संगणक झोपत नाहीत, आणि बरेच जण इथेच प्रयत्न सोडून देतात. अशा संगणकावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘रिक्वेस्ट्स’ या पर्यायासह चालवली, की त्याला कोण जागे ठेवत आहे ते कळते. एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेतल्या अशाच एका संगणकावर यादीत ‘एसआरव्हीनेट’ हे नाव दिसत होते. याचा अर्थ, दुसरा कोणी तरी नेटवर्कवरून त्याचे शेअर केलेले फोल्डर वापरत होता. शाखेचा प्रिंटरही त्याच संगणकाला यूएसबीने जोडलेला होता आणि सगळ्यांचे दाखले तिथूनच छापले जात होते. प्रिंटर लॅन केबलने थेट स्विचला जोडला आणि फोल्डर सर्व्हरवर हलवले, तेव्हा तो संगणकही इतरांसारखा झोपू लागला. आपल्याकडे प्रत्येक शाखेत असा एक तरी संगणक सापडेल.

टेबलाखालच्या छोट्या यूपीएसकडेही लक्ष द्यावे, कारण संगणक बंद असला तरी तो स्वतःसाठी काही वॅट घेतच राहतो. संध्याकाळी संगणक रीतसर बंद करून आधी यूपीएसचे बटण आणि मग भिंतीवरचे बटण बंद करावे. उलट केले तर यूपीएस वीज गेल्याचे समजून बॅटरीवर चालत राहतो आणि बॅटरी खराब होते. नेटवर्क स्विच, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि बायोमेट्रिक यंत्र यांना यातून वगळावे.

आता सर्व्हरच्या खोलीकडे वळतो, कारण आपल्या वर्णनावरून सर्वांत मोठी गळती तिथेच असावी. खोलीचा एसी 18 वर ठेवण्याचे काहीच कारण नाही. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेची शिफारस अशी आहे की सर्व्हरच्या तोंडाशी आत जाणारी हवा 18 ते 27 अंशांच्या दरम्यान असावी. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून खोलीचे नवे एसी मुळातच 24 अंशांच्या सेटिंगवर येतात, आणि तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगतो. मी 24 किंवा 25 सुचवीन. त्याहून वर जाऊ नये, कारण एक तर सर्व्हरचे पंखे वेगाने फिरू लागतात आणि पंख्याचा वीजवापर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दुसरे म्हणजे यूपीएसच्या सीलबंद बॅटऱ्यांना 25 अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. सतत आठ-दहा अंश जास्त राहिले तर त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते.

मात्र आकडा बदलण्याआधी खोलीत उभे राहून हवा कुठून कुठे जाते ते हाताने तपासावे. बहुतेक ठिकाणी स्प्लिट एसी रॅकच्या, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या मांडणीच्या, मागे असतो. त्यामुळे थंड हवा सर्व्हरच्या पाठीवर पडते आणि पुढून तो खोलीतली गरम हवाच आत ओढतो. मग सर्व्हर तापतो म्हणून एसी आणखी खाली आणला जातो. रॅक फिरवावा, त्यातल्या रिकाम्या जागा पट्ट्या लावून बंद कराव्यात आणि पश्चिमेची खिडकी असेल तर ती बाहेरून झाकावी. परभणी-नांदेडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी त्या एका खिडकीतून येणाऱ्या उष्णतेचा भार सर्व्हरपेक्षा जास्त होऊ शकतो. जवळ जिनिंग असेल तर कपाशीच्या हंगामात पुढच्या जाळीवर तंतू साचतात, ते नियमित काढावे लागतात.

सर्व्हर दोन आहेत, पण काम बहुधा एकाचेच असेल. गूगलचे लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले यांनी 2007 साली मांडले होते की सर्व्हर बहुतांश वेळ 10 ते 50 टक्के भारावरच चालतात, आणि अगदी रिकामा सर्व्हरही पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज घेतो. म्हणून दोन्हींचे काम आभासी यंत्रांच्या (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणाऱ्या स्वतंत्र संगणकांच्या) रूपाने एकावर आणावे, दुसरा बंद करून राखीव ठेवावा आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. डाळ मिलच्या टॅलीसाठी तर मोठा टॉवर सर्व्हर मुळात लागतच नाही. दहा-बारा जणांच्या कामाला एसएसडी असलेले चांगले छोटे यंत्र पुरते.

शासकीय कार्यालयात ही कामे रखडण्याचे खरे कारण तांत्रिक नसते. संगणक अंदाजपत्रकातल्या एका शीर्षातून घेतले जातात, वीजबिल दुसऱ्या शीर्षातून भरले जाते, त्यामुळे बचत कोणाच्याच खात्यावर दिसत नाही. प्रस्तावात दोन्ही रकमा शेजारी शेजारी मांडाव्यात. आपल्या भागात याला आणखी एक अर्थ आहे: परळीचे औष्णिक वीजकेंद्र 2013 आणि 2015 साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. वाया गेलेल्या युनिटामागे कुठले तरी पाणीही गेलेले असते.

खरेदीचा विचार बाद करण्याजोग्या यंत्रांपुरताच करावा. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तेव्हा नव्या विंडोजला न चालणारी यंत्रे तशीही बदलावी लागतील. त्यांच्या जागी जेम या शासकीय खरेदीच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवताना पूर्ण आकाराच्या कॅबिनेटऐवजी छोटा डेस्कटॉप मागावा, आणि कॅबिनेटच हवे असेल तर पॉवर सप्लाय कमी वीज वाया घालवणारा, म्हणजे ‘80 प्लस’ प्रमाणित असावा अशी अट घालावी. चालणारी यंत्रे केवळ विजेसाठी बदलू नयेत, कारण नवे यंत्र बनवण्यातही मोठी ऊर्जा खर्च झालेली असते. जुनी यंत्रे भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावीत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत तशी तरतूद आहे.

सौर पॅनेलचा आकार या सगळ्यानंतर उरलेल्या भारावर ठरवावा, म्हणजे वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल विकत घ्यावे लागणार नाहीत. येत्या शुक्रवारी कार्यालय बंद होताना आणि सोमवारी उघडताना मीटरचे वाचन लिहून ठेवा, आणि त्याच दोन वेळी सर्व्हर खोलीच्या स्वतंत्र वाहिनीवर सबमीटर असेल तर त्याचेही. ते आकडे इथे दिलेत तर एसीचा वाटा किती आणि टेबलांवरच्या संगणकांचा किती, हे आपण मिळून वेगळे काढू.