गर्भनिरोधक साधनं बायका मध्येच का सोडतात किंवा बदलतात?

एक मोठं कारण रक्तस्रावातला बदल, आणि तो होणार हे आधी कुणी न सांगणं. 'अंतरा' इंजेक्शन दर ३ महिन्यांनी असतं. सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, पुढे पाळी थांबतेही. बहुधा त्यात धोका नसतो. पण ज्या घरात पाळीत बाजूला बसावं लागतं, तिथे ऐन गणपतीत डाग दिसला की पुढचा डोस राहिलाच! शिवाय 'रक्त आत साठतं' हा समज. साठत काही नाही. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं.

कोकणातलं खास कारण म्हणजे चाकरमानी नवरा. तो मुंबईला, म्हणून माला-एन ही रोजची गोळी बंद. शिमग्याला येणार म्हणून आदल्या दिवशी सुरू. हे चालत नाही. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत गोळी सुरू केली नसेल, तर पुढचे ७ दिवस निरोध हवाच.

'छाया' गोळीचा घोळ वारांचा: पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. गोळीला ७ दिवसांहून जास्त उशीर झाला तर पुन्हा दोनदापासून.

तांबीने (कॉपर-टीने) अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं. ३ ते ६ महिन्यांत बहुतेकींचं कमी होतं. आधीच रक्त कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बदलायचं असेल तर जुनं बंद करून पाळीची वाट बघत बसू नका, त्याच फटीत दिवस राहतात. मूल लवकर हवं असेल तर अंतरा नको: शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ७ ते १० महिने लागतात.